तुलनेची शाळा

शिक्षक खरंच शिकवतोय की पाहुण्यांना पाठ करून दाखवतोय, हे मला वर्गाच्या दारातूनच कळतं. बढाई वाटली तर वाटू द्या. नांदेडच्या एका हायस्कुलात मी निम्मं आयुष्य गणित शिकवलं. आता गेली काही वर्षं एका संस्थेसाठी वेगळंच काम करते. शिक्षकांना जी प्रशिक्षणं दिली जातात, त्यांतून शेवटी मुलांच्या पदरात काय पडतं ते पाहायचं आणि त्यासाठी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या शाळा फिरायच्या. बसवलेल्या पाठात प्रश्न पडला रे पडला की सगळे हात एकदम वर जातात. खऱ्या वर्गात असं कधी होत नाही. दोन-तीन हात वर असतात, एखादा अर्ध्यावर अडकलेला असतो, एक मुलगी मान खाली घालून वहीत काहीतरी खोडत असते आणि मागच्या बाकावरच्यांचं लक्ष खिडकीबाहेरच्या शेळीवर असतं. असा वर्ग दिसला की मी निवांत बसते.

पण तसा वर्ग सहजासहजी कुणी दिसू देत नाही. तपासायला कुणी येणार म्हटलं की आमच्याकडची शाळा म्हणजे लग्नघर. फळ्यावर रंगीत खडूनं सुस्वागतम, दारात रांगोळी, शाल, नारळ, आणि शाळा अर्धापूरकडची असली तर निघताना गाडीत केळीचा अख्खा घड. त्याच बाजूच्या एका सरांनी एकदा माझ्यासमोर अपूर्णांक शिकवायला केळंच घेतलं. मधोमध कापलं आणि म्हणाले, हे झाले दोन समान भाग. पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उठली. "समान कुठं हायत सर? हिकडचा भाग जाड हाय." सर माझ्याकडे बघून ओशाळले. मी मात्र त्या शाळेला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले, कारण पाहुणी बसलेली असताना सरांना असं विचारायची त्या पोरीला भीती वाटली नव्हती.

ती भीती गेली त्याचं बरंचसं श्रेय एका प्रशिक्षणाला होतं. ते देणारे सर नांदेडचेच, विज्ञानाचे, माझ्याच वयाचे. त्यांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. कुठलाही प्रयोग करण्याआधी मुलांकडून अंदाज घ्यायचा आणि तो फळ्यावर लिहायचा, कितीही वेडावाकडा असला तरी. 'चूक' हा शब्द वर्गात वापरायचा नाही. मुलानं काहीही उत्तर दिलं तरी विचारायचं, "कसं काय?" बस्स. घरातल्या कपड्याच्या हँगरला दोन्हीकडे चहाचे कागदी कप लटकवून ते तराजू करायला शिकवत. एका कपात पाणी आणि वर कागदाच्या घडीवर साखर ठेवायची, दुसऱ्या कपात खडे टाकून तोल साधायचा, मग साखर पाण्यात ढवळून कागद तिथंच ठेवायचा आणि विचारायचं, साखर दिसेनाशी झाली, आता हा कप वर जाईल का? बहुतेक मुलं म्हणतात, जाईल. हँगर जागचा हलत नाही आणि मग वर्गात जो गलका होतो, तो ऐकण्यासाठी मी कुठल्याही गावाची धूळ खायला तयार असते.

तर सरांचं हे गणित-विज्ञानाचं प्रशिक्षण दोन्ही जिल्ह्यांत वर्षभर चालणार होतं, दर महिन्याला तालुक्याच्या गावी, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो का हे मला ठरवायचं होतं. आता हे ठरवायचं कसं? सगळ्याच शाळांना प्रशिक्षण दिलं आणि वर्षानं मुलं पुढे गेलेली दिसली, तर ती प्रशिक्षणामुळे गेली की नुसती एका वर्षानं मोठी झाली म्हणून, हे कुणी सांगायचं? म्हणून आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या शाळांना यंदा प्रशिक्षण आणि उरलेल्यांना पुढच्या वर्षी. या उरलेल्या शाळा म्हणजे तुलनेच्या शाळा. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडच्या मुलांची तीच चाचणी घ्यायची. प्रशिक्षणवाल्या शाळा पुढे गेलेल्या दिसल्या तर पुढच्या वर्षी तुलनेच्या शाळांनाही प्रशिक्षण मिळणार. फरक दिसलाच नाही तर पैसे देणारे हात आखडता घेणार आणि कार्यक्रम बंद.

चाकूरला चिठ्ठ्या काढल्या त्या दिवशी हॉलमध्ये मागून एक बाई उठल्या. तालुक्यातल्या एका लहान गावात सहावी-सातवीला गणित-विज्ञान शिकवणाऱ्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. समोर मी त्यांना अहो-जाहो करते, पण त्या माझ्याहून लहान आणि माझ्या लाडक्या, त्यामुळे लिहिताना 'ती'च येतं. तिच्या शाळेची चिठ्ठी तुलनेत गेली होती.

"मॅडम, माझ्या पोरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

सगळे हसले. ती हसत नव्हती.

"पुढच्या वर्षी तुमचा नंबर आहे," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी माझी सातवी इथं नसती मॅडम. आमची शाळा सातवीपुरतीच हाय. पोरं हायस्कुलाला दुसऱ्या गावाला जात्यात. अपूर्णांक आल्याबिगर गेली तर तिथं मागं बसत्यात अन् मागंच ऱ्हात्यात. पोरींचं तर बोलूच नका. गणितात एकदा नापास झाली की बाप म्हणतो, बस आता घरी."

ती म्हणत होती त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. पण मी चिठ्ठी बदलली नाही. एकीसाठी बदलली असती तर सगळीच तुलना मोडली असती आणि मग कुणाच्याच हाती काही लागलं नसतं. तिला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि खाली बसली. तिचं ते 'बरं' मला तेव्हाच जरा संशयास्पद वाटायला हवं होतं.

वर्ष गेलं. चाचण्या झाल्या. आमच्या संस्थेत आकडेमोड करणारे एक सहकारी आहेत, त्यांनी निकाल मांडले. नांदेडकडे, म्हणजे अर्धापूर आणि धर्माबाद तालुक्यांत, प्रशिक्षणवाल्या शाळा तुलनेच्या शाळांच्या स्पष्ट पुढे होत्या. लातूरकडे, चाकूर तालुक्यात, फरक जवळजवळ नव्हताच. सहकारी फोनवर म्हणाले, "मॅडम, लातूरला प्रशिक्षणाचा परिणाम दिसत नाही. समिती तिकडचं बंद करा म्हणणार." पैसे देणारे आणि शिक्षण खातं यांची ती समिती. तिच्यातल्या एकांनी तर आधीच टोमणा मारून ठेवला होता की अख्ख्या मराठवाड्याची पोरं ट्यूशनला जिथं येतात, त्या लातूरला तुम्ही शिकवायला निघालात.

मी निकाल पुन्हा वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. चाकूरच्या प्रशिक्षणवाल्या शाळा अर्धापूरच्या शाळांइतक्याच पुढे गेल्या होत्या. त्यांचं काही बिघडलं नव्हतं. गंमत दुसरीकडे होती. चाकूरच्या तुलनेच्या बहुतेक शाळाही त्यांच्या बरोबरीनं वर आल्या होत्या. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या! पोरं आपोआप अपूर्णांक शिकली, यावर दुसऱ्या कुणाचा विश्वास बसला असता, माझा बसणार नव्हता. गणित शिकवण्यात जन्म गेलाय माझा, आपोआप काय येतं आणि काय येत नाही ते मला ठाऊक आहे.

म्हणून मी कुणाला न कळवता निघाले आणि पहिल्यांदा तिच्याच शाळेत गेले. कळवलं नव्हतं, त्यामुळे सुस्वागतमही नव्हतं. मी चपला काढून मागच्या बाकावर बसले. ती अपूर्णांकांची तुलना घेत होती. एक मुलगा म्हणाला, अर्ध्यापेक्षा एक तृतीयांश मोठा, कारण तीन दोनापेक्षा मोठे. ती चूक म्हणाली नाही. तिनं त्याचं उत्तर फळ्यावर लिहिलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "कसं काय? सांग की."

माझे कान टवकारले. खिडकीकडे पाहिलं तर गजांना एक निळा हँगर लटकलेला, दोन्हीकडे कागदी कप.

मधल्या सुट्टीत मी हँगरकडे बोट दाखवलं. "हे कुठून आलं?"

"असंच. सुचलं."

"आणि 'कसं काय' पण असंच सुचलं?"

तिनं पदर खोचला, फळा पुसायला घेतला आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसला. मी शाळा सुटेपर्यंत थांबले. एसटीला वेळ होता. गावाच्या फाट्यावर आम्ही दोघी उभ्या असताना ती सवयीनं बोलून गेली, "मॅडम, एसटीची कशाला वाट बघायलाव? आमच्या गाडीत जागा हाय, चला की लातूरपस्तोर." बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली. पण तोवर गाडी आली होती आणि मी चढलेही होते.

ती होती अप-डाउनवाल्या शिक्षकांची गाडी. आमच्याकडे हा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. शाळा खेड्यात, संसार शहरात. स्वतःच्या मुलांची ट्यूशन लातूरला, म्हणून बिऱ्हाड लातूरला. मग एका रस्त्यावरच्या गावांतले शिक्षक मिळून एक गाडी ठरवतात आणि ती सकाळी एकेकाला गावोगाव सोडत जाते, संध्याकाळी उचलत येते. पुढच्या सीटवर गाडीतले सगळ्यांत ज्येष्ठ सर, निवृत्तीला टेकलेले. मधे दोन सर, त्यांना मी लगेच ओळखलं, कारण दोघंही प्रशिक्षणातले होते. बाकी सगळे तुलनेच्या शाळांतले. मी एकेक चेहरा पाहत गेले आणि मला हसूच फुटलं.

"काय झालं मॅडम?" मधल्या दोघांतल्या एका सरांनी विचारलं.

"काही नाही. बोला तुम्ही. रोज काय बोलता ते बोला."

मग त्या सरांनाच राहवलं नाही. "मॅडम, आता तुम्ही आलाच हाव तर सांगतो. ट्रेनिंग आमचं झालं, पर परीक्षा रोज हीच घ्यायली." त्यांनी मागे तिच्याकडे बोट केलं. "वर्कशॉपात जरा डुलकी काढायची सोय ऱ्हायली न्हाई. संध्याकाळी गाडीत बसलं की सुरू, आज काय झालं, पहिल्यापासून सांगा. नुसतं सांगून भागत न्हाई, पटवून द्यावं लागतंय."

मग सगळेच मोकळे झाले. शून्य सम की विषम यावरून चाकूरपासून लातूरपर्यंत भांडण कसं झालं आणि ड्रायव्हरनं कंटाळून गाणी कशी लावली, ते सांगून झालं. एकदा तिनं चालत्या गाडीत वरच्या दांडीला हँगर लटकवला होता, आणि नेमका खड्डा आला आणि साखरेचं पाणी थेट ज्येष्ठ सरांच्या पांढऱ्या पँटवर. "घरी जाऊन काय सांगावं मी?" ते सर पुढूनच म्हणाले. "मुंग्या लागल्या वो पँटीला." गाडीत नुसता हशा. मीही हसत होते, पण माझ्या डोक्यात निकालाचे कागद धडाधड जुळत होते.

आमची चूक मला तिथं, त्या गाडीत, लख्ख दिसली. प्रशिक्षणवाल्यांकडून तुलनेवाल्यांकडे काही झिरपू नये म्हणून आम्ही नकाशा पुढ्यात घेऊन लांबलांबची गावं निवडली होती. गावं लांब होती, कबूल. पण शिक्षक गावात होते कुठे? आम्ही सगळे मराठवाड्याचे, आमच्याच घरांत अप-डाउन करणारी माणसं, तरी कागदावर शिक्षक गावात राहतो म्हणून आम्हीही तसंच धरून चाललो. धर्माबादकडे अंतर लांब, तिथले शिक्षक खरोखर तिकडेच राहतात. अर्धापूरचे नांदेडहून आपापल्या मोटारसायकलीवर जातात, वाऱ्यात कोण काय बोलणार. तिथं झिरपलं नाही. इथं मात्र गाडी होती आणि गाडीत ही होती. प्रशिक्षण लातूरला वाया गेलं नव्हतं. ते दुप्पट लोकांपर्यंत पोचलं होतं आणि म्हणूनच ते वाया गेल्यासारखं दिसत होतं.

हे मी त्यांना तिथंच सांगितलं. कुणाला काही चोरून लिहायची माझी पद्धत नाही. "तुमच्या मुलांची प्रगती झाली, पण ती कशामुळे झाली हे अहवालात लिहिलं नाही, तर लातूरचं प्रशिक्षण बंद होणार. मग पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कुणालाच ते मिळणार नाही."

ती एकदम पुढे सरकून बसली. "म्हंजी मी शिकले म्हणून बंद व्हायलंय?"

"तसंच म्हणा."

तिचा चेहरा पाहवेना. वर्षभर धडपडून जे मिळवलं, त्यानंच पुढचं दार लागत होतं.

पुढच्या सीटवरचे सर मागे वळले. आवाज शांत होता. "मॅडम, गाडीतलं गाडीतच ऱ्हाऊ द्या."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला पुरतं समजलं. शिक्षकानं शाळेच्या गावीच राहायचं असा नियम आहे. घरभाड्याचा भत्ता त्यावरच मिळतो आणि गावात राहतो असं सगळ्यांनी लिहून दिलेलं असतं. गाडीचं नाव अहवालात आलं की गाडीतल्या प्रत्येकाकडे खुलासा मागितला जाणार. सरांची पेन्शन तोंडावर आली होती. मी त्यांना अजिबात दोष देत नाही.

"तुमच्यापैकी एकाची जरी ना असेल तरी मी गाडी लिहिणार नाही," मी म्हटलं. "आणि खोटंही लिहिणार नाही. शिक्षक आपसात बोलतात एवढं लिहीन."

"मग झालं की," सर म्हणाले.

"झालं नाही. समिती विचारेल, कुठं बोलतात, कधी बोलतात, पुरावा काय. बुडालेला प्रत्येक कार्यक्रम असंच काहीतरी सांगतो."

लातूर आलं. ती तिच्या गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि मला येते म्हणायलाही विसरली.

पुढचे दिवस मी कामाला लागले. मी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नाही. चाकूर तालुक्यात तुलनेच्या अशाही काही शाळा होत्या, ज्यांचे शिक्षक खरोखर गावातच राहत होते. त्या मी फिरून आले. सगळ्या वर्गांत तेच चित्र: एक तृतीयांश मोठा, कारण तीन मोठे, आणि साखर विरघळली म्हणजे वजन गेलं. तिथली मुलं होती तिथंच होती. म्हणजे माझा तर्क बरोबर होता. पण हे समितीला पटवायचं तर इकडच्या आणि तिकडच्या शाळांत फरक काय, हे सांगावं लागणार होतं, आणि तो फरक म्हणजे ती गाडी. मी शब्द दिला होता. खरं उत्तर हातात असून ते फळ्यावर लिहिता येऊ नये, असा वैताग मला आयुष्यात फार कमी वेळा आलाय.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला.

"मॅडम, उद्या मी आले तर चालंल का?"

"तुम्हाला बोलावणं नाही."

"ते म्हाईत हाय. पर मी माझ्यापुरतं बोलीन. गाडीत दुसरं कोण हाय ते सांगणार न्हाई."

"बाई, तुम्हाला महागात पडेल."

"पडू द्या. ह्या पोरांचं निभावलं कसंतरी. पुढच्या सातवीला काय सांगू? की तुमच्या बाईला अर्धंमुर्धं येतंय, तेवढ्यावर भागवा?"

मी तिला समजावायला हवं होतं असं काहींना वाटेल. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. मोठी शहाणी बाई आहे, तिचा निर्णय तिनं घेतला होता. मी वेळ आणि ठिकाण सांगितलं.

बैठक लातूरला झाली. मधोमध शिक्षण खात्यातले एक साहेब, शेजारी पैसे देणाऱ्यांचे प्रतिनिधी, कोपऱ्यात प्रशिक्षण देणारे आमचे नांदेडचे सर, पडल्या चेहऱ्यानं. सहकाऱ्यांनी निकाल दाखवले आणि साहेबांनी पेन टोपणात घातलं, म्हणजे त्यांच्या लेखी विषय संपला होता. मी म्हटलं, "साहेब, लातूरला प्रशिक्षण चाललं नाही हा निष्कर्ष चूक आहे. ज्यांना दिलं नाही त्यांच्यापर्यंतही ते पोचलं, म्हणून फरक दिसत नाही. कसं पोचलं ते या बाई सांगतील."

ती उभी राहिली. हातात कागद नव्हता.

"साहेब, माझी शाळा तुलनेतली. मला ट्रेनिंग मिळालं न्हाई. पर ज्यांना मिळालं त्यांच्याकडून मी शिकून घेतलं. रोज, जाता-येता."

"कुठं जाता-येता?"

"लातूरहून शाळेला. गाडीनं."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही मुख्यालयी राहत नाही?"

मी तोंड उघडलं, पण तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"न्हाई साहेब. गावात ऱ्हायले असते तर ह्यातलं कायबी शिकले नसते."

"गाडीत आणखी कोण कोण असतं?"

"माझ्यापुरतं इचारा साहेब. माझं मी सांगितलं."

साहेबांनी मला विचारलं, बाईंच्या वर्गात खरंच प्रगती आहे का. मी जे पाहिलं होतं ते सांगितलं: फळ्यावर लिहिलेलं ते चुकीचं उत्तर, गजाला लटकलेला हँगर, 'कसं काय', आणि जिथले शिक्षक गावातच राहतात त्या तुलनेच्या शाळांमधली मुलं कुठं अडकली आहेत तेही. एकेक सांगत गेले. मला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही, आणि प्रतिनिधींनी मान डोलावायला सुरुवात केली तेव्हा मला समजलं की आपण जिंकलो. साहेबांनी पेन पुन्हा उघडलं आणि एका दमात दोन वाक्यं म्हणाले, "लातूरचं प्रशिक्षण पुढे चालू ठेवा. बाईंचा खुलासा मागवा."

दोन्ही गोष्टी झाल्या. तिचा घरभाडे भत्ता थांबला, सेवापुस्तकात शेरा आला. गाडी काही बंद पडली नाही, कुणी गावात राहायलाही गेलं नाही. ज्येष्ठ सरांनी एवढंच केलं की वर्षानुवर्षं त्यांची असलेली पुढची सीट एका सकाळी तिला दिली आणि स्वतः मागे जाऊन बसले. मला हे मधल्या सीटवरच्या त्याच सरांनी फोन करून सांगितलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. तिची सातवी तोवर हायस्कुलात गेली होती, निरनिराळ्या गावांना.

नव्या वर्षाचं पहिलं प्रशिक्षण चाकूरला होतं. मीही गेले, काम नसताना. पहिल्याच रांगेत ती, नवी कोरी वही उघडून. नांदेडच्या सरांनी तिला पाहिलं आणि हात जोडले.

"बाई, तुम्ही इथं बसायला कशाला आलात? तुम्हाला तर सगळं येतं. तुम्ही इकडं या, माझ्या बरोबर शिकवा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती उठली नाही.

"न्हाई सर. तुम्ही पहिल्यापासून सांगा. गाडीत निम्मंच ऐकू यायचं. माझी ती पोरं तेवढंच शिकून गेली."